आवाजाचा आकार : एका जपानी चित्रपटाच्या निमित्ताने



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर किंवा बोनसवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु ह्या वेळी आम्ही विषय घेतला आहे तो एका जपानी चित्रपटाचा, आणि तोही हाताने काढलेल्या चित्रांच्या चित्रपटाचा. आपल्याकडे अशा चित्रपटांना 'कार्टून' म्हणून मुलांच्या खात्यात टाकून देण्याची रीत आहे. जपानात ती रीत नाही. तेथे कादंबरीला जितका मान, तितकाच चित्रकथेला असू शकतो, आणि मोठी माणसे आगगाडीत बसून ती वाचीत असतात. चित्रपटाचे नाव 'कोए नो कताची'. इंग्रजीत त्याला 'अ सायलेंट व्हॉइस', म्हणजे 'मूक आवाज', असे नाव दिले गेले. मूळ जपानी नावाचा अर्थ मात्र 'आवाजाचा आकार' असा आहे, आणि आमच्या मते तोच अधिक नेमका आहे.

हा विषय घेण्यास कारणे दोन. पहिले असे की, बहिरेपण हा आमच्या धंद्याचा सोबती आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथल्या यंत्रमागांच्या खोलीत जो आपल्यापैकी कोणी उभा राहिला असेल, त्याला हे सांगावयास नको. धोटा एका मिनिटात शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे आदळतो, आणि असे कित्येक माग एका छपराखाली चालतात. वीस वर्षे त्यात काढलेला माणूस घरी गेला की बायकोचे बोलणे त्याला पुरते ऐकू येत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने आवाजामुळे आलेल्या बहिरेपणाला व्यवसायजन्य रोगांच्या यादीत जागा दिली होती. पण त्या जागेपर्यंत पोहोचून भरपाई घेऊन आलेले यंत्रमाग कामगार आम्हांला फारसे भेटले नाहीत. दुसरे कारण असे की, कामगार संघटनेचे निम्मे काम म्हणजे तंट्यानंतरचे काम. कोणी कोणावर अन्याय केला, त्याची भरपाई काय, आणि भरपाईनंतर ती दोन माणसे पुन्हा एका खात्यात शेजारी शेजारी कशी उभी राहणार, ह्याच प्रश्नांत आमची हयात गेली. हा चित्रपट नेमका ह्याच प्रश्नांचा आहे.

कथा

कथा थोडक्यात सांगतो. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया नावाची नवी मुलगी येते. ती बहिरी आहे. ती पाटीऐवजी एक वही पुढे करते आणि लिहून सांगते की, माझ्याशी बोलावयाचे असेल तर ह्या वहीत लिहा. पहिले काही दिवस सारे लिहितात. मग कंटाळतात. मग चेष्टा सुरू होते, आणि चेष्टेत सर्वांत पुढे असतो शोया इशिदा नावाचा द्वाड मुलगा. तो तिच्या कानातले श्रवणयंत्र ओढून खिडकीबाहेर फेकतो, तिची वही पाण्यात टाकतो. पाच महिन्यांत आठ श्रवणयंत्रे हरवतात किंवा मोडतात. मुलीची आई तक्रार करते, मुख्याध्यापक वर्गात येतात, आणि आतापर्यंत सारे पाहून न पाहिल्यासारखे करणारे मास्तर एकदम गरजतात, "इशिदा, उभा राहा!" इशिदा म्हणतो, मी एकटा नव्हतो, आणि इतरांची नावे घेतो. इतर सारे कानावर हात ठेवतात. एक मुलगी तर रडू लागते. दुसऱ्या दिवसापासून वर्गाची गाडी रूळ बदलते: जो छळत होता, तोच आता छळला जातो. शोको शाळा सोडून जाते. इशिदाच्या विधवेसारख्या एकट्या आईने, केस कापण्याचे छोटे दुकान चालवणाऱ्या त्या बाईने, श्रवणयंत्रांचे पैसे भरून दिलेले असतात. ते होतात १७ लाख येन.

पाच-सहा वर्षे जातात. इशिदा आता शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. त्याला मित्र नाही. तो कोणाच्या तोंडाकडे पाहू शकत नाही, आणि चित्रकारांनी हे दाखवण्यासाठी एक साधी युक्ती योजली आहे: भोवतालच्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर निळी फुली मारलेली दिसते. त्याने काम करून, आपल्या वस्तू विकून पैसे जमवले आहेत. ते आईच्या उशाशी ठेवावयाचे आणि जीव द्यावयाचा, असा त्याचा बेत आहे. तो पुलावर जातो आणि परत फिरतो. त्याआधी एक काम उरले आहे असे त्याला वाटते: शोकोला तिची वही परत देणे. तो तिला शोधून काढतो, आणि तिच्यासमोर उभा राहून हातांनी बोलू लागतो. मधल्या वर्षांत तो खुणांची भाषा शिकला आहे. येथून पुढे चित्रपट खरा सुरू होतो.

आवाज, कान आणि हात

आता त्या नावाकडे वळू. जपानी लिपीत 'आवाज' ह्या शब्दाचे चिन्ह दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अक्षरसुधारणेत सोपे करण्यात आले. लेखिकेने मात्र आपल्या कथेसाठी जुने, अवघड चिन्ह मुद्दाम वापरले. त्या जुन्या चिन्हात वरच्या अंगाला वाजविण्याचा दगड आहे, तो वाजविणारा हात आहे, आणि खाली कान आहे. सोप्या चिन्हात हातही गेला आणि कानही गेला. आवाज म्हणजे केवळ तोंडातून निघणारा नाद नव्हे, तो करणारा हात आणि घेणारा कान मिळून आवाज पुरा होतो, हे त्या जुन्या चिन्हाने हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

बहिरेपणाविषयी आपल्या समाजात तीन गैरसमज आहेत. ते दूर केल्यावाचून चित्रपट नीट कळत नाही.

पहिला गैरसमज असा की, बहिरा माणूस मुकाही असतो. शोको मुकी नाही. तिच्या घशात, जिभेत, ओठांत काही उणे नाही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो कोठे उंचवावा, कोठे दाबावा, हे तिला समजण्याचा मार्ग बंद आहे, म्हणून तिचे उच्चार अस्पष्ट येतात. चित्रपटात ती एकदा सारा धीर एकवटून इशिदाला तोंडाने सांगते की, मला तू आवडतोस. जपानीत 'आवडणे' म्हणजे 'सुकी'. त्याला ऐकू येते 'त्सुकी', म्हणजे चंद्र. तो वर पाहून म्हणतो, हो, चंद्र छान आहे. लोक ह्या ठिकाणी हसतात आणि हसता हसता गप्प होतात.

दुसरा गैरसमज असा की, चष्म्याने जसे दिसू लागते, तसे श्रवणयंत्राने ऐकू येऊ लागते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. तो स्पष्ट करण्याची त्याची ताकद मर्यादित आहे. आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी आहे, आणि तीत हजारो सूक्ष्म केसांच्या पेशी आहेत. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यंत्रमागावरच्या माणसाच्या बाबतीत आधी बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी मरतात. म्हणून त्याला 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण 'स', 'त', 'क' गळतात. मग लोक म्हणतात, ह्याला हवे तेवढेच ऐकू येते. त्याला वाक्याची सालपटे ऐकू येतात, गर येत नाही. शिवाय यंत्र गोंगाटही तितकाच मोठा करते. चाळीस मुलांच्या वर्गात बाके सरकतात, खुर्च्या आपटतात, आणि ते सारे शोकोच्या कानात एकाच मापाने ओतले जाते.

तिसरा गैरसमज ओठवाचनाचा. ओठ पाहून सारे समजते असे आपल्याला वाटते. आपण आरशापुढे उभे राहून आवाज न काढता 'पान', 'बाण', 'मान' असे म्हणून पाहावे. तिन्ही वेळी ओठ एकसारखेच हलतात. जपानात ह्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'तबाको' आणि 'तामागो'. एकाचा अर्थ विडी-सिगारेटची तंबाखू, दुसऱ्याचा अर्थ अंडे. ओठांवर दोहोंत भेद नाही. ओठ वाचणारा माणूस दिवसभर असली कोडी सोडवीत असतो आणि संध्याकाळी थकून जातो. हे थकणे कोणाच्या हजेरीपटावर चढत नाही.

ह्या तिन्ही अडचणींतून मोकळे करणारी गोष्ट म्हणजे खुणांची भाषा. ती तोडक्यामोडक्या हावभावांचा खेळ नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, ती जगभर एकच नाही, आणि तीत विनोद करता येतो, भांडण करता येते, कायदा शिकवता येतो. असे असून ह्या भाषेला शाळांतून हुसकावून लावण्यात आले, आणि ही हकिगत कामगारांच्या हकिगतीसारखीच आहे. क्योतो शहरात फुरुकावा ताशिरो ह्या शिक्षकाने १८७८ साली जपानातली अंध आणि बहिऱ्यांची पहिली शाळा काढली, तेव्हा तेथे खुणांना स्थान होते. १८८० साली इटलीतल्या मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिच्यात जवळजवळ सारे प्रतिनिधी कानांनी ऐकू येणारे होते, आणि त्यांनी ठरवले की बहिऱ्या मुलांना तोंडानेच बोलावयास शिकवावे. ज्यांच्याविषयी ठराव, तेच सभेत नाहीत! १९३३ साली जपानचे शिक्षणमंत्री इचिरो हातोयामा यांनी तोंडी पद्धतीचाच पुरस्कार केला. ओसाकाच्या महापालिकेच्या बहिऱ्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक कियोशी ताकाहाशी ह्या गृहस्थांनी मात्र खुणांची भाषा सोडण्यास नकार दिला आणि ती आपल्या शाळेत टिकवली.

पुढे १९४७ साली जपानी बहिऱ्यांनी आपला देशव्यापी महासंघ उभारला. त्यांचे लढे साधे होते. जपानच्या दिवाणी संहितेत बहिऱ्या माणसाला अर्धवट अक्षम ठरवता येईल असे एक कलम होते. त्यामुळे घरासाठी कर्ज काढणे किंवा वाडवडिलांचा धंदा पुढे चालवणे त्याला अवघड जाई. ते शब्द १९७९ साली कायद्यातून निघाले. २०११ साली अपंगांविषयीच्या मूलभूत कायद्यात खुणांची भाषा ही 'भाषा' म्हणून नमूद झाली, आणि २०१३ साली तोत्तोरी प्रांताने खुणांच्या भाषेसाठी देशातला पहिला प्रांतिक नियम केला. हे सारे कोणी दयेने दिले नाही. संघटनेने मागितले, पुन्हा पुन्हा मागितले, तेव्हा मिळाले.

वर्गातले चार गट

ही चित्रकथा लिहिणाऱ्या योशितोकी ओइमा यांचा जन्म १९८९ सालचा, गिफु प्रांतातल्या ओगाकी गावचा. त्यांची आई खुणांच्या भाषेची दुभाषी. चित्रकथेला २००८ साली नवोदितांसाठीचे पारितोषिक मिळाले, पण शाळेतल्या छळाचे इतके उघडे चित्रण छापावे की नाही, ह्या विचारात प्रकाशकांनी ती अडकवून ठेवली. वकिलांचा सल्ला झाला, बहिऱ्यांच्या महासंघाचे मत घेण्यात आले, आणि शेवटी २०११ साली ती छापली गेली. २०१३ ते २०१४ ह्या काळात ती साप्ताहिकातून क्रमशः येऊन सात खंडांत पुरी झाली. क्योतो ॲनिमेशन ह्या संस्थेने तिचा चित्रपट केला. दिग्दर्शन नाओको यामादा यांचे, पटकथा रेइको योशिदा यांची. तो १७ सप्टेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला.

शाळेतल्या छळाला जपानीत 'इजिमे' म्हणतात. हा त्या देशाचा जुना घाव आहे. २०११ साली ओत्सु शहरात तेरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने छळापायी जीव दिला, आणि शाळेने व शिक्षण मंडळाने ते प्रकरण कसे हाताळले ह्यावरून देशभर संताप उसळला. त्यातून २०१३ साली छळप्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्यातली एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. छळ झाला की नाही हे करणाऱ्याच्या हेतूवरून ठरवावयाचे नाही, तर ज्याच्यावर ती कृती झाली त्याला शरीराचा वा मनाचा क्लेश झाला का, ह्यावरून ठरवावयाचे. 'आम्ही गंमत करीत होतो' ही सबब त्या व्याख्येने संपली. त्यानंतर नोंदी वाढल्या. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात त्या ७ लाखांच्या वर गेल्या. ह्यातला काही भाग लपवाछपवी कमी झाल्याचाही आहे. कारखान्यात अपघाताची नोंद होऊ लागली म्हणजे अपघात वाढल्यासारखे दिसतात, तसेच हे.

योजी मोरिता ह्या जपानी समाजशास्त्रज्ञाने १९८६ साली छळाची जी मांडणी केली, ती ह्या चित्रपटाला हातमोज्यासारखी बसते. त्यांनी म्हटले की, वर्गात चार थर असतात: छळणारा, छळला जाणारा, भोवती जमून हसणारे प्रेक्षक, आणि तोंड फिरवून बसणारे तटस्थ. छळ किती वाढावा हे पहिल्या दोघांपेक्षा शेवटचे दोन थर ठरवतात. आता चित्रपट पाहा. इशिदा छळणारा. नाओका उएनो ही मुलगी त्याच्या प्रत्येक करामतीला हसून दाद देणारी. मिकी कावाई ही 'पुरे करा बाई' असे लाडाने म्हणणारी, म्हणजे निषेधही केला नाही आणि दोषही लागू दिला नाही. मियोको साहारा ही एकटीच शोकोसाठी खुणा शिकावयास पुढे येते. तिचीही टिंगल होते आणि ती शाळाच सोडते. आणि मास्तर? त्यांना सारे ठाऊक असते. मुख्याध्यापक येईपर्यंत त्यांचा आवाज फुटत नाही.

ते फळ्यावर हात आपटून एकाच मुलाचे नाव पुकारतात, तेव्हा आम्हांला कारखान्यातली खातेचौकशी आठवते. अपघात होतो तो यंत्रावर जाळी नसल्यामुळे, पाळी बारा तासांची असल्यामुळे, मुकादमाने 'चालू दे' म्हटल्यामुळे. आणि चौकशीत दोषी ठरतो एकटा बदली कामगार. तो निर्दोष असतो असे नव्हे. इशिदाही निर्दोष नाही. परंतु एकाला बळी दिला की बाकीचे शुद्ध होतात, आणि ज्या व्यवस्थेने छळ होऊ दिला तिला कोणी हात लावीत नाही. त्या वर्गाने दुसऱ्या दिवशी नवा बळी धरला, ह्याचे कारण त्या वर्गात काहीच बदलले नव्हते.

जपानी खेड्यांत 'मुराहाचिबु' नावाची एक जुनी शिक्षा होती. गावाच्या दहा व्यवहारांपैकी आठ तोडावयाचे आणि आग व अंत्यविधी एवढे दोनच ठेवावयाचे, असा तिचा अर्थ सांगतात. आपण तिला वाळीत टाकणे म्हणतो, आणि आपल्या राज्याला ते थांबविण्यासाठी २०१६ साली कायदा करावा लागला. येथे आमच्या चळवळीलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. संप फोडणाऱ्याशी बोलू नये, त्याच्या घरच्या लग्नाला जाऊ नये, हे हत्यार कामगारांनी जगभर वापरले आहे. मालकाकडे पैसा आणि पोलीस असतात, गरिबाकडे एकजूट असते. तेव्हा हे हत्यार का उगारले जाते हे आम्ही जाणतो. पण त्याच्या बायकोमुलांवर ते चालवू नये, आणि संप मिटला की ते म्यान झाले पाहिजे, असे आमचे मत आहे. संप फोडणारा परत येण्याची वाट आपण बंद केली, तर पुढच्या संपातही तो पलीकडेच उभा असेल.

क्षमा कोणी मागावयाची?

चित्रपटात सर्वांत अधिक वेळा क्षमा कोण मागतो? इशिदा नव्हे. क्षमा मागते ती शोको. तिची वही फेकली तरी ती म्हणते, माफ करा. तिच्या कानातून रक्त आले तरी ती हसते. इशिदाचे मित्र त्याच्यापासून तुटतात तेव्हा तिला वाटते, हे माझ्याचमुळे झाले. हे भाबडेपण नव्हे. ज्याला सतत सांगण्यात आले की तुझ्यामुळे इतरांना त्रास होतो, त्याच्या तोंडी बसलेली ही भाषा आहे. हात यंत्रात गेलेला कामगार इस्पितळात शुद्धीवर येतो आणि पहिले वाक्य म्हणतो, "साहेब, माझंच चुकलं," हे आम्ही पाहिले आहे. दुबळ्याची क्षमायाचना ही पुष्कळदा त्याच्यावर झालेल्या अन्यायाचीच पावती असते. शोकोच्या मनात हा भार साचत जातो आणि आतषबाजीच्या रात्री ती स्वतःच जीव द्यावयास निघते. इशिदा तिला वाचवतो आणि स्वतः खाली नदीत पडतो.

आता इशिदाच्या प्रायश्चित्ताचा हिशेब मांडून पाहू. पहिली बाब पैशाची. त्याने आईसमोर पैसे ठेवले. आईला त्याचा बेत कळला होता. ती नोटांना काडी लावण्याची धमकी देऊन म्हणते, पुन्हा असा विचार करणार नाहीस असे सांग. गडबडीत नोटा खरोखरच जळून जातात. भरपाईचे पैसे घेण्यासाठी आयुष्यभर झगडलेल्या आमच्यासारख्या माणसाला हा प्रसंग पाहवत नाही. पण त्याचा अर्थ खरा आहे. पैसा द्यावयाचा तो दिलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. मात्र पैसा दिला म्हणून माणसाचे देणे फिटले असे होत नाही, आणि जीव देऊन तर कोणाचेच देणे फिटत नाही. उलट नवे कर्ज मागे राहते.

दुसरी बाब भाषेची. आमच्या मते सबंध चित्रपटातले खरे प्रायश्चित्त हेच. 'मला माफ कर' हे वाक्य तोंडाने म्हणावयास क्षण पुरतो, पण ते शोकोला ऐकू येणार नाही. ज्या भाषेत तिला समजेल ती शिकण्यास महिने-वर्षे लागतात, बोटे वळवावी लागतात, चुकावे लागते. सहावीत शोकोने दोन्ही हात एकमेकांत गुंफून त्याला एक खूण केली होती आणि त्याला ती कळली नव्हती. इतक्या वर्षांनी तो तीच खूण तिला करून दाखवतो. तिचा अर्थ 'मित्र'.

तिसरी बाब अवघड आहे. इशिदा मनाशी ठरवतो की, आपले उरलेले आयुष्य शोकोच्या सुखासाठी. ऐकावयास हे थोर वाटते, पण त्यात एक खोट आहे. ह्या हिशेबात शोको पुन्हा कोणाच्या तरी कामाची वस्तूच राहते. पूर्वी करमणुकीची, आता पुण्याची. शेवटी, मरणाच्या दारातून परत आल्यावर पुलावर तो तिला जे म्हणतो, ते ह्याच्या उलट आहे. जगावयास तू मला मदत कर, असे तो मागतो. देणारा मागणारा झाला, तेव्हा कोठे दोघे एका पायरीवर आले. मालकाने कामगाराला भेट दिली म्हणजे समेट होत नाही. मालक कामगाराला विचारतो, 'हे यंत्र सुरक्षित कसे करता येईल, तू सांग,' तेव्हा समेटाची सुरुवात होते.

चित्रपटावर आक्षेप आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. काही बहिऱ्या प्रेक्षकांनी म्हटले की, ही गोष्ट छळणाऱ्याच्या मनाची आहे आणि छळल्या गेलेल्या मुलीला त्यात देवता करून ठेवले आहे. तिला राग का येत नाही? आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटात तो प्रश्न उएनोच्या तोंडी घातला आहे: तू खोटे हसतेस, तू मनातले कधी सांगत नाहीस. पण हे सांगणारी उएनो ही स्वतः छळणाऱ्यांपैकी एक, म्हणून त्या प्रश्नाचे बळ कमी होते. शोकोच्या रागाचे एखादे दृश्य असते, तर चित्रपट अधिक पुरा झाला असता असे आम्हांस वाटते. त्याची जमेची बाजू अशी की, शोकोने क्षमा केली म्हणून झालेले पुसले गेले, असे तो कोठेच म्हणत नाही. क्षमा करणे हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हक्क आहे. ती वसूल करण्याचा हक्क कोणालाच नाही.

चित्रे काढणारे हात

कामगार कार्यकर्त्याने चित्रपट करणाऱ्या हातांविषयी बोलल्यावाचून पुढे जाऊ नये. अशा चित्रपटाला हजारो चित्रे लागतात, आणि जपानात ही चित्रे काढणारी तरुण मुले-मुली पुष्कळदा नगावर, म्हणजे चित्रामागे इतके येन ह्या दराने, राबतात. आपल्या यंत्रमाग कामगाराला मीटरवर मजुरी मिळते, तीच ही पद्धत. ह्या धंद्यात संघटनेची परंपराही आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी १९६४ साली तोएई कंपनीतल्या कामगार संघटनेचे सचिव होते. क्योतो ॲनिमेशन १९८१ साली निघाली ती योको हात्ता यांनी शेजारपाजारच्या गृहिणींना जमवून चित्रे रंगविण्याचे काम घेतले, त्यातून. पुढे ह्या संस्थेने नगावरच्या मजुरीऐवजी पगारी नोकरी आणि स्वतःचे शिक्षण ही वाट धरली. माणसाला उद्याची काळजी नसली म्हणजे तो बोटांच्या एका खुणेसाठी किती मन लावू शकतो, ते ह्या चित्रपटात दिसते. खुणा येथे नुसते हात हलवणे नाहीत. त्या वाचता येतात.

संगीतकार केन्सुके उशिओ यांनी साध्या पियानोच्या पोटात ध्वनिग्राहक ठेवले, म्हणजे सुरांबरोबर आतल्या लाकडाची खटखट आणि नमद्याची घसर ऐकू यावी. ऐकण्यापेक्षा अंगाला जाणवणारा आवाज त्यांना हवा होता.

ह्या संस्थेच्या इमारतीला १८ जुलै २०१९ रोजी एका माथेफिरूने आग लावली. ३६ जण मेले. ह्या चित्रपटातल्या पात्रांची रेखाटने ज्यांनी केली, ते फुतोशी निशिया त्यांत होते. इशिदाने वर मान करावी, शोकोने बोटे जुळवावी, हे ज्यांच्या हातांनी घडले ते हात त्या दिवशी गेले. आम्ही कारखान्यांच्या आगी पाहिल्या आहेत, म्हणून ह्याहून अधिक बोलत नाही.

श्रोतेहो, चित्रपटाच्या शेवटी इशिदा शाळेच्या उत्सवात मान वर करून भोवती पाहतो आणि लोकांच्या चेहऱ्यांवरच्या फुल्या एकेक करून गळून पडतात. आता त्याला माणसांचे चेहरे दिसतात, त्यांचे बोलणे ऐकू येते. तोपर्यंत बहिरा कोण होता, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही; तो आपण विचारावयाचा. आपल्या घरी, चाळीत, खात्यात कोणी ऐकू न येणारा असेल तर त्याच्यासमोर उजेडात उभे राहा, तोंडावर हात धरू नका, सावकाश बोला, लिहून दाखवा, आणि त्याला येत असेल तर त्याच्या दोन खुणा शिकून घ्या. आणि 'पुन्हा सांगा' असे तो तिसऱ्यांदा म्हणाला, तर 'जाऊ दे, काही नाही' असे म्हणू नका. बहिऱ्या माणसाला रोज ऐकावे लागणारे सर्वांत कडू वाक्य तेच आहे.